सामना मध्यरात्रीचा, हजेरी सकाळची!

फुटबॉलच्या विश्वचषकाचा ज्वर कर्मचाऱ्यांना चढतो, त्याची झळ मात्र कार्यालये, कारखाने आणि घरे अशा तिन्ही ठिकाणी पोहोचते. जगभरातील सरकारांनी आणि व्यवस्थापनांनी त्यावर शोधलेले उपाय आणि त्यांतून सुटलेले प्रश्न यांचा वेध.

विश्वचषक फुटबॉल स्पर्धा दर चार वर्षांनी येते आणि येताना हजेरीपुस्तकाशी असलेले जुने वैर सोबत घेऊन येते. २०२६ च्या स्पर्धेच्या आराखड्यात हे वैर अधिकच ठळक दिसते. अमेरिका, कॅनडा व मेक्सिको हे तीन यजमान, ४८ संघ, १०४ सामने आणि ११ जून ते १९ जुलै असा ३९ दिवसांचा कालावधी. २०२२ मध्ये कतारला ३२ संघांचे ६४ सामने २९ दिवसांत आटोपले होते. अंतिम सामन्यासाठी मुक्रर झालेली वेळ न्यूयॉर्कलगतच्या न्यू जर्सीतील मैदानावर रविवारी दुपारी तीनची. मुंबई-पुण्याच्या घड्याळात ती मध्यरात्र उलटल्यावर साडेबाराची. सामना जादा वेळेत आणि पेनल्टी शूटआउटमध्ये गेला तर चषक उचलला जाईपर्यंत तांबडे फुटायला फारसा अवधी उरत नाही. आणि उजाडतो तो सोमवार.

अशा सोमवारी कर्मचाऱ्याने काय करायचे आणि व्यवस्थापनाने काय करायचे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. आपल्याकडे त्याचे उत्तर बहुधा डोळेझाक करून दिले जाते. साहेब स्वतः सामना पाहणारे असले तर लेटमार्क लागत नाही. नसले तर लागतो. कुणी पोटदुखीचे कारण पुढे करतो, कुणी डोळे चोळत यंत्रासमोर उभा राहतो. स्पर्धा संपते आणि विषय आणखी चार वर्षांसाठी मिटतो. परंतु झोप, सुरक्षितता, मद्यपान, घरातील ताण आणि सहकाऱ्यांमधील न्याय असे अनेक धागे या एका प्रश्नात गुंतलेले आहेत. सवलत मर्जीने द्यायची की नियमाने, आणि ती द्यायची तर नेमकी कोणाला, हा त्यातला कळीचा मुद्दा आहे.

वेळापत्रकाचा फेरा

स्पर्धा कोणत्या खंडात आहे यावर कोणत्या देशातील कर्मचाऱ्याची झोप उडणार हे ठरते. २००२ मध्ये जपान आणि दक्षिण कोरियात झालेल्या स्पर्धेचे सामने भारतात दुपारी बारा, अडीच आणि सायंकाळी पाच वाजता सुरू होत. म्हणजे झोप शाबूत, परंतु कामाच्या तासांवर थेट घाला. त्याच स्पर्धेत इंग्लंड विरुद्ध ब्राझील ही उपांत्यपूर्व लढत ब्रिटनमध्ये शुक्रवारी, २१ जूनला सकाळी साडेसात वाजता सुरू झाली. ऐन कार्यालय गाठण्याच्या वेळी देशाचा संघ मैदानात होता. पब सकाळीच उघडले गेले, इंग्लंड २-१ असा हरला आणि उरलेला दिवस कामाचा होता.

२०१८ ची रशियातील स्पर्धा भारतीय प्रेक्षकांना त्या मानाने सोयीची ठरली. २०२२ मध्ये कतारमधील सामने भारतात दुपारी साडेतीनपासून मध्यरात्री साडेबारापर्यंत सुरू होत आणि अर्जेंटिना-फ्रान्स हा गाजलेला अंतिम सामना तर रविवारी रात्री साडेआठचा होता. याउलट २०१४ मध्ये ब्राझीलमधील सामन्यांनी भारतीयांना रात्र रात्र जागवले. २०२६ चे वेळापत्रकही त्याच जातीचे. भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊ, साडेबारा, पहाटे साडेतीन आणि सकाळी साडेसहा या त्यातील नेहमीच्या वेळा. क्रिकेटच्या दिवसभराच्या सामन्याने कामात अडथळा येतो. फुटबॉलचा मध्यरात्रीचा सामना मात्र दुसऱ्या दिवसाच्या कामाची शक्तीच आदल्या रात्री खर्च करून टाकतो.

झोपेचा हिशेब

हा खर्च किती, याचे उत्तर विज्ञानाने बऱ्याच आधी दिले आहे. ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सलग जागरण आणि मद्यपान यांची तुलना केली होती. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामातील अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते, असे त्यात आढळले. २४ तास जागल्यावर हे प्रमाण ०.१० टक्क्यांच्या बरोबरीचे होते.

भारतीय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. टक्केवारीत सांगायचे तर ही मर्यादा ०.०३. सकाळी सातला उठलेला कर्मचारी रात्री साडेबाराच्या सामन्याची सुरुवात पाहतो, तेव्हा त्याला जागून साडेसतरा तास झालेले असतात. म्हणजे पेल्याला हात न लावताही त्याची सावधानता कायद्याने आखलेल्या मर्यादेच्या पलीकडच्या अवस्थेला पोहोचलेली असते. सामना संपल्यावर तीनचार तासांची झोप घेऊन तोच माणूस सकाळी दुचाकीला किक मारतो. पोलिसाच्या यंत्रात फुंकर मारून हे पकडता येत नाही, एवढाच काय तो फरक.

कोल्हापूरचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या नावाने संघ उतरवणारे आणि शाहू स्टेडियमवर गर्दी करणारे हे शहर विश्वचषकात ब्राझील आणि अर्जेंटिना अशा दोन तटांत विभागले जाते. पेठापेठांत झेंडे लागतात, खेळाडूंचे फलक उभे राहतात. याच शहराच्या वेशीवर शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने आहेत. तेथे भट्टीतून वितळलेले लोखंड साच्यात ओतले जाते. संगणकापुढे डुलकी लागली तर एखादे पत्र चुकते. भट्टीपुढे डुलकी लागली तर हात भाजतो. त्यामुळे ‘सामना पाहायचा तर पाहा, पण पहिल्या पाळीला वेळेवर या’ हे वाक्य दिसते तितके उदार नाही. अशा ठिकाणी पाळी बदलून देणे हा लाड ठरत नाही. अपघात टाळण्याची ती साधी खबरदारी आहे.

सुट्टी जाहीर झाली, मिळाली का?

जगातील अनेक सरकारांनी या प्रश्नाला सुट्टीने उत्तर दिले आहे. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असे नमवले, तेव्हा राजे सलमान यांनी दुसऱ्या दिवशी सरकारी आणि खासगी अशा दोन्ही क्षेत्रांतील कर्मचाऱ्यांना, तसेच विद्यार्थ्यांना सुट्टी दिली. त्याच स्पर्धेत पुढे जगज्जेता ठरलेल्या अर्जेंटिनाने २० डिसेंबरला राष्ट्रीय सुट्टी जाहीर केली. बुएनोस आयरेसच्या रस्त्यांवर लाखोंचा सागर उसळला आणि अखेर खेळाडूंना उघड्या बसमधून उतरवून हेलिकॉप्टरमध्ये बसवावे लागले.

ब्राझीलमध्ये ही प्रथा अधिक मुरलेली आहे. राष्ट्रीय संघाच्या सामन्याच्या दिवशी तेथील सरकारी कचेऱ्या आणि बँका आपल्या वेळा बदलतात. २०१४ च्या यजमानपदासाठी २०१२ मध्ये केलेल्या खास कायद्यात तर ब्राझीलच्या सामन्यांच्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी जाहीर करण्याची मुभाच सरकारला देण्यात आली. तथापि २०२२ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांना मिळालेली मोकळीक फुकट नव्हती. सामन्यापायी बुडालेले तास नंतर भरून काढण्याची अट तिला जोडलेली होती. उत्सवाला मान आणि कामालाही मान, असा हा रोखठोक व्यवहार आहे.

यजमान कतारने वेगळीच वाट धरली. १ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर २०२२ या काळात सरकारी कचेऱ्यांतील ८० टक्के कर्मचाऱ्यांना घरून काम करण्यास सांगण्यात आले. त्यामागे रस्ते मोकळे ठेवण्याचा हेतू होता. कर्मचाऱ्यांची प्रवासातून सुटका झाली हा त्याचा आनुषंगिक लाभ.

परंतु सुट्टीची घोषणा आणि प्रत्यक्ष सुट्टी यांत अंतर असते. १९९८ नंतर प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरलेल्या स्कॉटलंडचे उदाहरण पाहावे. हैतीविरुद्धच्या त्यांच्या पहिल्या सामन्याची वेळ स्कॉटलंडच्या घड्याळात रविवारी, १४ जून २०२६ ला पहाटे दोनची ठरली. ते पाहून तेथील फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांनी सोमवारी, १५ जूनला सार्वजनिक सुट्टीचा प्रस्ताव मांडला. मात्र ब्रिटनमध्ये सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी घरी राहण्याचा कायदेशीर हक्क कर्मचाऱ्याला आपोआप मिळत नाही. ते त्याच्या नेमणुकीच्या करारावर अवलंबून असते. म्हणजे बँकेतील कारकून घरी राहतो, दुकानातील विक्रेता मात्र गल्ल्यावरच असतो. ऑस्ट्रेलियातही २०२३ मध्ये महिलांच्या विश्वचषकाच्या वेळी असाच वाद रंगला होता. यजमान संघ जिंकल्यास सुट्टी द्यावी, अशी भूमिका पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांनी घेतली होती. उपांत्य फेरीत इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला ३-१ असे हरवले आणि सुट्टीचा वादही तेथेच निकालात निघाला.

आधी नियम, मग सामना

ब्रिटनमध्ये सुट्टीच्या घोषणांपेक्षा उपयुक्त ठरलेली दुसरी एक रीत आहे. ‘एकॅस’ ही तेथील सार्वजनिक संस्था मालक-कामगार संबंधांत सल्ला, समेट आणि लवादाचे काम करते. मोठ्या क्रीडास्पर्धांच्या काळात कार्यालयांनी काय करावे, याबाबत ती मार्गदर्शन करत आली आहे. त्यातील सूत्र सोपे आहे: स्पर्धा सुरू होण्यापूर्वी बोला, ठरवा आणि ठरलेले सर्वांना सांगा. रजेचे अर्ज किती आधी द्यायचे, एकाच दिवशी अनेकांनी रजा मागितली तर कोणत्या क्रमाने द्यायची, सकाळी उशिरा येऊन सायंकाळी तेवढे थांबता येईल का, सहकाऱ्याशी पाळी बदलता येईल का, कार्यालयाच्या संगणकावर सामना पाहणे चालेल का, आजारपणाचे निमित्त करून दांडी मारल्यास काय होईल, कामावर मद्याचा अंमल आढळल्यास काय होईल, या साऱ्याची उत्तरे पहिली शिट्टी वाजण्यापूर्वी लिहून ठेवावीत, असा त्याचा मथितार्थ.

यात कर्मचाऱ्यांच्या भल्याचे एक मर्म दडलेले आहे. उशिरा येण्याची मुभा आहे की नाही हे ज्याला ठाऊक असते, त्याला खोटे बोलावे लागत नाही. खोटी आजारपणाची रजा ही व्यवस्थापनाची फसवणूक तर असतेच, पण ती घेणाऱ्यालाही दिवसभर धास्तीत ठेवते आणि त्याचे काम ज्याच्या टेबलावर येऊन पडते त्याच्या मनात अढी निर्माण करते. साध्या, आगाऊ जाहीर केलेल्या नियमाने या तीनही गोष्टी टळतात.

महाराष्ट्रातील कायद्यातही त्यासाठी जागा आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या कक्षेतील कामगाराला वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा मिळते. त्यांतील एखादी अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी घेण्यात गैर काही नाही. अडचण होते ती दहा जणांनी एकाच दिवशी ती मागितली तर. आणि त्या दिवशी निर्णय घेण्यापेक्षा महिनाभर आधी तो घेणे उभय पक्षांच्या हिताचे असते.

मैदानाबाहेरचे अकरा

सवलतींच्या या साऱ्या चर्चेत एक मोठा वर्ग मात्र नेहमीच नजरेआड राहतो. सामना पाहणाऱ्यांची सोय करण्यासाठी जे सामन्याच्या वेळी कामावर असतात, त्यांचा हा वर्ग. गोव्यातील उपाहारगृहात मोठ्या पडद्यासमोर गर्दी जमते, तेव्हा पडद्याकडे पाठ करून थाळ्या वाहणारा वेटर, मध्यरात्री बिर्याणीचे पार्सल पोहोचवणारा तरुण, सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार, रुग्णवाहिकेचा चालक, आपत्कालीन कक्षातील परिचारिका. यांच्यासाठी विश्वचषक म्हणजे जादा काम.

हे जादा काम किती असू शकते, याची नोंद जर्मनीत झाली आहे. २००६ च्या विश्वचषकादरम्यान म्युनिक परिसरातील हृदयविकाराच्या आपत्कालीन रुग्णांचा अभ्यास तेथील डॉक्टरांनी केला आणि तो २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा रुग्णांचे प्रमाण एरवीच्या २.६६ पट झाले होते. पुरुषांमध्ये ते ३.२६ पट, तर महिलांमध्ये १.८२ पट होते. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक होता. या आकड्यांचा पहिला अर्थ प्रेक्षकांसाठी आहे: रक्तदाबाची गोळी चुकवून, रात्रभर जागून, सिगारेटमागून सिगारेट ओढत सामना पाहणे जिवावर बेतू शकते. दुसरा अर्थ रुग्णालयांच्या व्यवस्थापनासाठी आहे: ज्या रात्री कर्मचारी रजा मागतात, नेमकी त्याच रात्री त्यांची गरज अधिक असते. अशा वेळी कामावर राहणाऱ्याला बदली सुट्टी, जादा मेहनताना आणि परतीच्या सुरक्षित वाहनाची सोय देणे हाच न्याय होय.

पुण्या-मुंबईतून परदेशी ग्राहकांना सेवा देणाऱ्या कंपन्यांतही हीच विषमता डोके वर काढू शकते. परदेशातील कार्यालयाने आपल्या माणसांना सामन्यासाठी लवकर सोडले, तर थांबलेले काम येथील रात्रपाळीच्या वाट्याला येण्याची शक्यता असते. तिकडच्या सवलतीची किंमत इकडच्या पाळीने मोजायची का, हे करार करतानाच विचारले गेले पाहिजे.

कतारमध्ये ही विषमता अधिक उघडी दिसली. ज्यांच्या हातांनी मैदाने उभारली, त्या भारत, नेपाळ, बांगलादेशातून आलेल्या मजुरांपैकी अनेकांनी सामने पाहिले ते दोहाच्या वेशीवरील औद्योगिक वसाहतीजवळ, एशियन टाउनच्या क्रिकेट मैदानात लावलेल्या मोठ्या पडद्यावर. स्पर्धेच्या निमित्ताने जगाची नजर तिकडे वळली, मालक बदलण्यासाठी मालकाचीच परवानगी घेण्याची अट २०२० मध्ये रद्द झाली आणि मार्च २०२१ पासून दरमहा १००० रियालचे किमान वेतन सर्वांना लागू झाले. अंमलबजावणीबद्दल आंतरराष्ट्रीय संघटनांनी आक्षेप नोंदवले. तरीही कामगारांचे भले हा विषय स्पर्धेच्या चर्चेत आला, ही लहान गोष्ट नव्हती.

दाराआडचा निकाल

कर्मचाऱ्याचे स्वास्थ्य कार्यालयाच्या उंबरठ्यावर संपत नाही. ब्रिटनमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२, २००६ आणि २०१० या तीन विश्वचषकांच्या काळातील लँकेशायर पोलिसांकडील घरगुती हिंसाचाराच्या नोंदी तपासल्या. इंग्लंडचा सामना जिंकला किंवा बरोबरीत सुटला त्या दिवशी अशा घटना २६ टक्क्यांनी वाढल्या. संघ हरला त्या दिवशी वाढ ३८ टक्के होती. जिंको वा हरो, मार बसणारी व्यक्ती तीच! फुटबॉल हे हिंसेचे मूळ कारण नव्हे. आधीच धुमसणाऱ्या घरात मद्य, पैज आणि पराभव यांची ठिणगी पडते, असे फार तर म्हणता येईल. परंतु सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर न आलेली किंवा गप्प गप्प असलेली सहकारी केवळ जागरणाने थकली आहे असे गृहीत धरणे चुकीचे ठरू शकते. स्पर्धेच्या सूचना फलकावर लावताना त्याखाली महिलांसाठीचा १८१ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक लिहायला कोणत्याही व्यवस्थापनाला एक पैसाही खर्च येत नाही.

पैजेची बाबही तितकीच नाजूक. कार्यालयातील गमतीची वर्गणी कधी उधारीत आणि उधारी कधी भांडणात बदलते, ते कळत नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, त्यामागेही कर्जबाजारीपणाची चिंता होतीच.

न पाहणाऱ्यांचे काय?

शेवटचा प्रश्न फुटबॉलशी काहीही देणेघेणे नसलेल्यांचा आहे. लहान मुलाला पाळणाघरातून आणण्यासाठी अर्धा तास लवकर जाऊ न दिलेल्या आईने, सामन्यासाठी दोन तास लवकर निघणारे सहकारी पाहिले तर तिने काय समजायचे? ‘एकॅस’च्या सल्ल्यातही या बाजूची दखल आहे: सर्वांना फुटबॉल आवडतो असे नाही, आणि एका देशाच्या चाहत्याला जे मिळते ते दुसऱ्या देशाच्या चाहत्यालाही मिळाले पाहिजे. पुरुषांच्या स्पर्धेसाठी ढिली झालेली शिस्त महिलांच्या स्पर्धेच्या वेळी एकाएकी कडक होत असेल, तर तो भेदभावच ठरतो.

चेष्टामस्करीलाही मर्यादा हवी. जुलै २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या मार्कस रॅशफर्ड, जेडन सांचो आणि बुकायो साका या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या आणि समाजमाध्यमांवर त्यांच्याविरुद्ध वर्णद्वेषी गरळ ओकली गेली. असे विष कार्यालयातील गप्पांतही उतरू शकते. संघावरची टीका माणसाच्या रंगावर, धर्मावर वा प्रांतावर घसरली की ती मस्करी राहत नाही, हे व्यवस्थापनाने आधीच बजावलेले बरे.

अर्थात, या साऱ्याचा अर्थ विश्वचषकाकडे आपत्ती म्हणून पाहावे असा नव्हे. एरवी एकमेकांशी जेवणाच्या सुट्टीतही न बोलणारी माणसे एका गोलने एकत्र येतात. सायंकाळचा एखादा सामना कार्यालयाच्या उपाहारगृहात सर्वांनी मिळून पाहिला, तर दोन तासांच्या कामापेक्षा अधिक काही हाती लागते. हा आनंद टिकवायचा तर त्याची किंमत कोण मोजते, याचा हिशेब मांडावा लागेल. उशिरा येण्याची मुभा मिळालेला अधिकारी आणि त्याच्यासाठी सकाळी सातला दार उघडणारा शिपाई यांना एकच नियम लागू झाला, तरच ती सवलत कर्मचाऱ्यांच्या कल्याणाची म्हणता येईल. नाही तर ती साहेबांची सुट्टी ठरेल; आणि तिच्यासाठी विश्वचषकाचे निमित्त कधीच लागले नव्हते.